पाटणच्या परसातली चूल

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा उलटला होता आणि दिवाळीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. अशा वेळी तुमच्या-आमच्या घरांत कोणत्या विषयांवर खल चालतो, हे वाचकांना सांगायला नको. फराळ घरी करायचा की बाहेरून आणायचा, आणि चकल्यांची भाजणी या वर्षी तरी बिघडणार नाही ना, असे ते विषय. आमच्या घरात मात्र भलताच विषय निघाला. पुण्याहून आमचे चिरंजीव आले ते हातात एक चकचकीत पुस्तिका घेऊन. तिच्यात शेगड्यांची चित्रे होती. पण आपण ओळखतो ती शेगडी नव्हे. ही पोलादाची, चार पायांची, खाली चाके, वर झाकण आणि समोर रेडिओसारखी बटणे. इंग्रजीत तिला ग्रिल म्हणतात. ती अंगणात मांडायची, आत गॅस पेटवायचा आणि वरच्या जाळीवर वांगी, कणसे, मासे, कोंबडी, जे असेल ते भाजायचे.

"ही आत्याआजीसाठी," चिरंजीव म्हणाले. "पाटणला."

मी मोठ्याने हसलो. माझी आत्या ब्याऐंशी वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या जुन्या घरात ती राहते. शेजारणीची सोबत आहे, पण बाकी एकटीच. तिच्या परसात ही साहेबी शेगडी! मी हसत असतानाच सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हसताय काय? कराडचे डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात वाटतं?"

माझे हसू तिथेच थांबले. डॉक्टरांनी पावसाळ्यातच बजावले होते की, आत्याच्या छातीला आता धूर सोसणार नाही. घरात गॅस नव्हता असे नाही. तो बरीच वर्षे होता. पण आत्या त्यावर फक्त चहा करी. भाकरी, कालवण, सारा खरा स्वयंपाक परसातल्या चुलीवर. "आत ये, बसून गॅसवर कर," असे सांगून सगळे थकले होते.

"ती आत यायची नाही," चिरंजीव म्हणाले. "मग गॅसच बाहेर नेऊ या."

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. चिरंजीवांनी एक नमुना पसंतही करून ठेवला होता. नैसर्गिक वायूवर चालणारा. पुण्यात त्यांच्या स्वयंपाकघरात तो वायू नळाने येतो. सिलिंडरची वाट पाहणे नाही की ऐन पाहुण्यांत गॅस संपणे नाही. मी जन्मभर हिशेबतपासनीस होतो. न पाहिलेल्या जागेसाठी वस्तू घेणे माझ्या रक्तात नाही. परस मोजून, चौकशी करून मगच काय ते ठरवू, असे मी म्हटले आणि दोन दिवसांनी दादरला कोयना एक्सप्रेसमध्ये बसलो.

कराडचे स्टेशन गावापासून थोडे दूर, ओगलेवाडीजवळ आहे. इथल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील आमच्या लहानपणी घरोघर होता. कारखाना १९१६ सालचा. त्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसणे हे पोरांचे काम असे. उजेड हवा तर काजळी पुसलीच पाहिजे, हा धडा आम्ही शाळेच्या आधी तिथे शिकलो. त्या संध्याकाळी ओगलेवाडीत उतरताना मला तो कंदील आठवला आणि आपण धुराच्याच कामाला निघालो आहोत, याची मौज वाटली.

कराडहून पाटण पस्तीस-चाळीस किलोमीटर. एस.टी. कोयनेच्या काठाकाठाने वर चढते. प्रथम दोन्ही बाजूंना ऊस, मग मल्हारपेठ मागे पडले की डोंगर हळूहळू अंगावर येऊ लागतात. उसाची जागा भाताची खाचरे घेतात, हवेत गारवा येतो आणि शेजारचा उतारू शाल काढतो. हाच रस्ता पुढे कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो. पाटण मध्ये आहे, केरा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर. तालुक्याचे गाव म्हणून कचेऱ्या आहेत, बाजार आहे, आता चहूकडे सिमेंटची घरेही आहेत. पण आमच्या आळीत शिरले की दगडी जोती आणि उतरती कौले अजून भेटतात.

मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडेच होते. घरात कोणी नाही. सरळ मागे गेलो. आत्या पाटावर बसून भाकरी थापत होती. समोर चूल, चुलीच्या वैलावर आमटीचे पातेले, बाजूला बाभळीचे जळण आणि शेणींची उतरंड. वर चार खांबांवर पत्रा. भिंत एकही नाही. मला पाहताच तिने हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले. ते धुराने आले होते की भाचा आल्याच्या आनंदाने, हे कळायला मार्ग नव्हता. मग ती खोकू लागली. तो खोकला बराच वेळ थांबेना. मी तांब्या पुढे केला. त्या क्षणी माझ्या खिशातली चकचकीत पुस्तिका मला हसण्यासारखी वाटेनाशी झाली.

आत्या घरात स्वयंपाक का करीत नाही, हे मला ठाऊक होते. किंबहुना, ते ठाऊक असलेला मीच एक उरलो आहे.

मी आठ वर्षांचा असताना वडिलांच्या बदल्यांमुळे शाळेसाठी पाटणला आत्याकडे राहिलो होतो. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती, हे नंतर वर्तमानपत्रांतून कळले. आम्हाला कळला तो फक्त आवाज. पोटातून निघाल्यासारखा घरघराट आला आणि अंगावर कौलांचा पाऊस पडला. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकले. उजाडल्यावर पाहिले तर स्वयंपाकघराची मागली भिंत आडवी झाली होती. ती पडली होती नेमकी चुलीवर. आत्या रोज पाचाला उठून चूल पेटवीत असे. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासाने ती वाचली.

आम्ही सुदैवी होतो. वरच्या अंगाला कोयनानगरात हाहाकार उडाला होता. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, हजाराहून अधिक जखमी झाली, घरांची तर गणतीच नव्हती. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण तडे जाऊनही उभे राहिले, म्हणून खालचे आम्ही राहिलो. पुढे कित्येक रात्री सगळी आळी उघड्यावर होती. डिसेंबरची थंडी आणि जमीन मधूनच थरारायची. पहिल्याच संध्याकाळी आत्याने पडलेल्या भिंतीतले तीन दगड ओढले, परसात मांडले आणि त्यावर सगळ्या आळीच्या पोरांना पिठले-भात शिजवून घातला. माझ्या आयुष्यातली ती पहिली बाहेरची पंगत.

भिंत पुढे नव्याने बांधली. तीन दगडांची रीतसर चूल झाली, तिला मातीचा लेप बसला, वर पत्रा आला. पण आत्या पुन्हा कधी छपराखालच्या चुलीपाशी बसली नाही. मामा होते तोवर हसून म्हणत, "हिचं स्वयंपाकघर म्हंजे आभाळ." कोयनेच्या खोऱ्यात लहानमोठे धक्के अजूनही बसतात, त्यामुळे तिची भीती खुळी आहे, असे म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

सकाळी मी पुस्तिका काढून आत्याला दाखवली. तिने चष्मा लावून एकेक चित्र निरखले.

"ही पेटी कशाची?"

"शेगडीच आहे आत्या. गॅसची. परसात ठेवायची. धूर नाही."

"भाकरी फुगतीया का हिच्यावर?"

मी जन्मभर लोकांना अवघड प्रश्न विचारले; पण असा नेमका प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पुस्तिकेत त्याचे उत्तर नव्हते. मी बाजारात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि पहिलाच सवाल केला, "नळ कुठाय?"

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नळाने वायू देण्याच्या योजना आहेत खऱ्या. पण आत्याच्या आळीत नळ नव्हता. "मग तोवर सिलिंडर जोडू," मी म्हणालो. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "साहेब, नळाची शेगडी टाकीवर चढवाल तर जाळ पत्र्याला लागंल!"

मग त्यांनी बाकावर बसवून मला जे सांगितले ते वाचकांपैकी कोणी अशी शेगडी घेणार असेल तर त्याच्याही उपयोगी पडेल. दोन्हींना आपण गॅसच म्हणतो. पण नळातला नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन आणि सिलिंडरमधला म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन. दुसऱ्यात तेवढ्याच आकारमानात जवळजवळ अडीचपट उष्णता असते. म्हणून नैसर्गिक वायूच्या शेगडीत वायू ज्या बारीक भोकातून येतो ते, म्हणजे जेट, मोठे ठेवलेले असते. सिलिंडरच्या शेगडीत ते लहान असते. मोठ्या जेटमधून सिलिंडरचा वायू सोडला की ज्योत निळी न राहता पिवळी, उंच आणि काजळी धरणारी होते. उलट केले तर चहाही उकळणार नाही. जेट आणि दाब सांभाळणारा रेग्युलेटर बदलता येतो, पण ते जाणत्या माणसाने, कारखान्याने दिलेल्या सुट्या भागांनी करायचे काम आहे. तेव्हा शेगडीचे पहिले लक्षण तिचे रूप नव्हे. आपल्या दारी कोणता वायू येतो, हे आधी पाहावे.

दुसरा फरक सुरक्षिततेचा. नैसर्गिक वायू हवेहून हलका, गळला तर वर निघून जातो. सिलिंडरचा वायू हवेहून जड. तो खाली उतरून खड्ड्यात, गटारात, तळघरात साचून राहतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा, सपाट जमिनीवर ठेवावा, न्हाणीच्या मोरीपासून दूर, आणि शेगडी त्याच्याहून उंच असावी. गळतीचा वास यावा म्हणूनच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास आला की आधी टाकी बंद, मग विचार. आणि ही मोठी शेगडी उघड्यावरच वापरायची. बंद खोलीत ती जीव घेऊ शकते. आत्याचा चार खांबांचा, बिनभिंतीचा मांडव या कामाला उत्तम, फक्त पत्रा पुरेसा उंच हवा.

खर्चाचा हिशेब मी स्वतः वहीत मांडला. पुस्तिकेतल्या मध्यम शेगडीची ताकद नऊ किलोवॉट होती. एक किलो सिलिंडरच्या वायूतून सुमारे पावणेतेरा युनिट उष्णता मिळते. म्हणजे सगळे बर्नर पूर्ण सोडले तर तासाला सुमारे सातशे ग्रॅम वायू जळेल आणि घरगुती १४.२ किलोची टाकी वीस तास पुरेल. एकट्या माणसाला एवढी शेगडी म्हणजे भाताच्या मुठीला लग्नाचे पातेले. दोन बर्नरची पुरे. गर्दी असेल तेव्हा दोन्ही, एरवी एक.

जाळीचेही दोन प्रकार. बिडाची जाळी जड, तापायला वेळ घेते, पण तापली की उष्णता धरून ठेवते. तिला तव्यासारखे तेल लावून सांभाळावे लागते, नाहीतर गंजते. स्टेनलेसची हलकी आणि धुवायला सोपी. पाटणच्या पावसाळ्यात बीड गंजेल म्हणून मी स्टेनलेसकडे झुकलो होतो. "बिडाचा तवा माझ्याकडं चाळीस वर्सं हाय," आत्या म्हणाली. "त्याला कुठं गंज आलाय?" प्रश्न तिथेच मिटला.

दुपारी ऊन उतरल्यावर मी दातेगडावर गेलो. याला सुंदरगडही म्हणतात. पाटणच्या पोरांचा तो हक्काचा गड. कातळात कोरलेले गणपती आणि मारुती, आणि ती तलवारीच्या आकाराची प्रचंड विहीर. खडक कापून पायऱ्यांनी खोल पाण्यापर्यंत उतरत गेलेली. लहानपणी आम्ही संध्याकाळी इथून गावाकडे पाहत बसायचो. दिवेलागणीला घराघराच्या कौलांतून निळा धूर वर चढे आणि सगळ्या गावावर त्याची एक चादर होई. कोणाची चूल आधी पेटली आणि कोणाकडे आज उशीर, ते आम्ही वरून सांगत असू. भूकंपानंतरच्या संध्याकाळी मात्र धूर कौलांतून नव्हे, अंगणांतून वर येत होता.

त्या दिवशी मी वरून पुन्हा पाहिले. दूरच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरत होती. खाली दिवे लागले. धुराच्या रेघा मी मोजू लागलो आणि दहाच्या आतच संपलो. त्यातली एक आमच्या परसातली होती.

मनात आले की, याच खोऱ्यातल्या पाण्याने साठच्या दशकापासून वीज निर्माण केली आणि आम्ही मुंबईकरांनी तिच्यावर दिवे, पंखे, गिरण्या चालवल्या. इथल्या बायका मात्र पुढेही कित्येक वर्षे फुंकणीने चूल फुंकीत राहिल्या. आता पश्चिमेकडचे रान कोयना अभयारण्य झाले आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आहे. रानातल्या मोळ्या बंद झाल्या, हे रानाच्या दृष्टीने योग्यच. जळण बांधावरच्या बाभळीचे, तेही विकत. गडावर बसून धुराच्या रेघा पाहणाऱ्याला तो धूर सुंदर वाटतो. तो ज्यांच्या छातीत गेला त्यांना कोणी कधी विचारले नाही. मी स्वतः चुलीवरच्या भाकरीची स्तुती मुंबईत किती वेळा केली होती! चूल फुंकत होती ती आत्या.

खाली येऊन मी आत्यापाशी बसलो आणि प्रथमच तिला सरळ विचारले, "तुला चूल हवी आहे, की उघडी जागा?"

ती बराच वेळ भाकरी निखाऱ्यावर फिरवीत राहिली. मग म्हणाली, "चुलीचं काय हाय? माती हाय ती. पर डोक्यावर भित न्हाई, एवढं मला बरं वाटतंय."

मी त्या रात्रीच चिरंजीवांना फोन केला. सिलिंडरची, दोन बर्नरची, बिडाच्या जाळीची, झाकणाची शेगडी. जेट आणि रेग्युलेटर कंपनीकडून खात्री करून घेतलेले. पण एक अडचण उरली होती आणि ती कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. आत्या पाटावर बसून स्वयंपाक करते. ही शेगडी कमरेएवढी उंच. शेगडी खाली आणावी तर सिलिंडर तिच्या बरोबरीने येतो. तेव्हा शेगडी खाली आणण्याऐवजी आत्यालाच वर न्यायचे ठरले. आळीतल्या सुताराने पाठ आणि हात असलेली उंच खुर्ची करून दिली. पाय टेकायला खाली फळी.

धनत्रयोदशीला शेगडी आली. आत्या खुर्चीवर चढून बसली तेव्हा नातवंडे म्हणाली, "आजी, तू कलेक्टर दिसतेस!" तिने प्रथम तवा ठेवून भाकरी टाकली. ती उलटून झाल्यावर तवा उचलला आणि भाकरी सरळ तापल्या जाळीवर घातली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. भाकरी हलली, एका कडेने उचलली आणि टम्म फुगली. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने पहिला तुकडा मोडून चाखला. "बरी हाय," ती म्हणाली. "धुराचा वास मात्र न्हाई."

त्यावरही तिनेच तोड काढली. भाऊबीजेच्या संध्याकाळी जाळीवर वांगी भाजली. साल पार काळी होईपर्यंत हलवू दिली नाहीत. भरिताच्या पातेल्यात छोटी वाटी ठेवून तिच्यात एक निखारा टाकला, त्यावर तेलाचे चार थेंब सोडले आणि झाकण घातले. पाच मिनिटांनी उघडले तेव्हा शेजारच्या दोन घरांतून माणसे आपोआप परसात आली. चौदा जणांची पंगत झाली आणि आत्या त्या सबंध संध्याकाळी एकदाही खोकली नाही. जेवता जेवता सौभाग्यवतींनी हे माझ्या कानात सांगितले, तेव्हा मला बोटे मोजायचीही गरज वाटली नाही.

चूल मोडायची का, असे चिरंजीवांनी निघताना विचारले. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

११ डिसेंबरला संध्याकाळी मी पाटणला फोन लावला. आत्याने चूल पेटवली होती. एकच भाकरी केली, म्हणाली, आणि लगेच पाणी मारले.

"आणि तुझं ते चित्रांचं बुक जाळायला घेतलं," ती पुढे म्हणाली. "पर गुळगुळीत कागूद, मेला पेटंचना!"